मदत हवी आहे: व्हिटॅमिन डी ९ आलंय, इम्प्लांट करावं की थांबावं? (सोलापूर)

घाईत_सोलापूरकर: खालच्या दोन दाढांचं इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून वर दात) शुक्रवारी ठरलंय. रक्त तपासलं तर डी ९ नॅनोग्रॅम, म्हणजे फारच कमी. आता डेंटिस्ट म्हणतात दोन महिने थांबा. अॅडव्हान्स देऊन झालाय, घरात लग्न तोंडावर. दुसरे डॉक्टर म्हणतात काही होत नाही, करून टाका. खरं काय? लवकर सांगा.

दाढदुखी: इम्प्लांट कोणाचं? वय? शुगर? तंबाखू-मिश्री?

घाईत_सोलापूरकर: आईचं हो. ६३. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मिश्री सोडलीय (म्हणते तरी). प्रश्न डीचा आहे.

ऊन_खा: सोलापुरात राहून डी कमी? मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो इथं! रोज सकाळी सातला गच्चीत कोवळ्या उन्हात बसवा, गोळ्याबिळ्या काही लागत नाहीत.

जुना_केमिस्ट: कोवळ्या उन्हानं डी फारसं बनत नाही, त्याला अकरा ते दोनचं ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. मेच्या उन्हात त्या वेळी माऊलीला बसवणार का? डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, असंच बहुतेक डॉक्टर देतात. जेवणानंतर घ्यायची. आमच्याकडे एक गिऱ्हाईक तीच रोज घेत होतं, कॅल्शियम वाढून अॅडमिट झालं.

ऊन_खा: दुकानदार पुड्याच विकणार म्हणा.

वाचनवेडा: भांडू नका. इटलीत ८८५ पेशंटच्या १,७४० इम्प्लांटचा अभ्यास झालाय, २०१८ चा. डी १० च्या खाली असलेल्यांत ११.१ टक्के जणांचं इम्प्लांट सुरुवातीलाच फेल झालं, ३० च्या वर असलेल्यांत २.९ टक्के. पण १० च्या खालचे पेशंट होते फक्त २७, त्यामुळे फरक ठाम सिद्ध झाला नाही. तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर.

घाईत_सोलापूरकर: म्हणजे करू की नको??

दाढदुखी: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती? आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून काही चालू आहे का?

घाईत_सोलापूरकर: ८.६. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईन लावतात, दिवाळीत झालं. त्याचा दाताशी काय संबंध?

दाढदुखी: अहो, हे आधी सांगायचं! ते झोलेड्रोनिक अॅसिड असेल. त्यावर जबड्याचं हाड उघडं केलं तर क्वचित ते भरतच नाही, कुजतं. शिवाय डी कमी असताना ते दिलं तर कॅल्शियम घसरतं. डेंटिस्ट आणि हाडांचे डॉक्टर, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. शुगरही आधी खाली आणा, ८.६ ला जखम लवकर भरत नाही. डी त्यानंतर.

कडक_भाकरी: आमच्या अण्णांनी कवळी बसवली, निम्म्याहून कमी खर्चात. कडक भाकरी आन् शेंगा चटणी झकास खातेत. उगं कशाला स्क्रू मारून घ्यायचे?

ऊन_खा: कवळीनं हिरड्या झिजतात.

घाईत_सोलापूरकर: कवळीचं कोणी विचारलेलं नाही. डेंटिस्टना सलाईनचं सांगायला फोन लावतोय, उचलत नाहीत. शुक्रवार पुढं ढकलला तर अॅडव्हान्स परत मिळतो का, कोणाला अनुभव?