मदत हवी आहे: कोविडच्या वेळचं आरटी-पीसीआर मशीन कसं चालतं ठेवू?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धंतोलीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. 2020 मध्ये कर्ज काढून आरटी-पीसीआर मशीन घेतलं. तेव्हा 96 खाचांची प्लेट दिवसातून दोनदा भरायची, आता आठवड्याला पाच-सहा सॅम्पल. पाच लावा की नव्वद, कंट्रोलच्या (चाचणी बरोबर चालली का हे बघायच्या) खाचा जातातच. मागच्या महिन्यात एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या तपासणीचा) अर्धा किट मुदत संपून फेकला. जीव हळहळला हो.

टीबीत पडण्यात अर्थ नाही, सरकारी केंद्रात ट्रूनॅट, सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय चाचण्या फुकट होतात. सिकलसेल आपल्या विदर्भात आहे, पण निदान एचपीएलसीवरच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनवर) होऊन जातं. गर्भातल्या बाळाची सिकलसेल तपासणी पीसीआरवर करायची तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी आली.

आता एक कंपनी म्हणते, नवं मशीन आम्ही बसवतो, तुम्ही दरमहा ठरलेले किट घ्या. बायको म्हणते, सॅम्पल नाही आले तर किट काय लोणच्यासारखे मुरवणार?

असा करार कुणी केलाय का? किमान खरेदीची अट किती खाली आणता आली? की रामदासपेठेतल्या तीन-चार लॅबना सोबत घेऊन मंगळवार-शुक्रवारच प्लेट लावावी? स्त्रीरोगतज्ज्ञ एचपीव्हीच्या रिपोर्टसाठी तीन दिवस थांबतात का?