फुसफुसणारा हॉर्न : झाकण आवळू नका

रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या तीन कर्ण्यांच्या हॉर्नमधला एक कर्णा नुसता फुसफुसतो, असं इथे एकाने विचारलं, तर कुणीतरी त्याला कर्ण्याचं मागचं झाकण आणखी आवळायला सांगितलंय. कृपया नका करू. झाकणामागे डायफ्राम, म्हणजे एक पातळ चकती, बैठकीवर टेकलेली असते. हवेचा दाब डायफ्रामला बैठकीवरून उचलतो, हवा निसटते, डायफ्राम परत बसतो, हे सेकंदाला शेकडो वेळा. बैठकच खडबडीत असेल तर तो बसणार कसा?

इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या वाड्याच्या अंगणात मी माझा उघडला तेव्हा बैठकीवर एका बाजूला तांबूस गंजाची चंद्रकोर होती. सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर, वर दोन थेंब तेल, आणि बैठक हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहायची. अख्खी दुपार गेली. पण पहिला निखळ स्वर आला तेव्हा अंगावर काटा आला!

सूर लावायला कर्णा कधीच कापू नका. पट्टी त्याच्या लांबीवर ठरते आणि कापलेली लांबी परत येत नाही. शिवाय ग्वाल्हेरात जानेवारीतल्या १० अंशांपासून मेमधल्या ४५ अंशांपर्यंत सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. म्हणून पेटीशी नव्हे, कर्णे एकमेकांशी जुळवा.

नेथन या अमेरिकी कंपनीच्या पाच कर्ण्यांच्या के५एलए या रेल्वे हॉर्नचे स्वर पेटीतल्या पांढरी सातला सा धरून ऐका : ग, प, ध, सा, वरचा ग. रिषभ सोडला तर भूपच की हो! आणि वाजवताना कानात बोळे हवेतच.