मदत हवी आहे: न्यू हेवनची छोटी लायब्ररी बघायचीय

मंडळी, पुढच्या महिन्यात मुलीकडे कनेक्टिकटला चाललोय, आम्ही दोघंही. आपल्या बडोद्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लहानपणी जायचो, ती जाड काचेची फरशी, वरून कोणी चाललं की चपलांची सावली दिसायची, तर बडोद्यातली ती लायब्ररी चळवळ उभी करायला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणलं होतं ना, ते आधी न्यू हेवनच्या ज्या लायब्ररीत होते ती अजून चालू आहे! इन्स्टिट्यूट लायब्ररी, १८२६ ची, मेंबरांच्या वर्गणीवर चालणारी, आणि पुस्तकं अजून बोर्डनच्याच पद्धतीने लावलेली म्हणे. बडोद्याच्या माणसाने जायलाच हवं, नाही का?

कोणी गेलंय का तिथे? मेंबर नसताना नुसतं बघू देतात की आधी मेल करावा लागतो? जिने किती आहेत, हिचे गुडघे दुखतात म्हणून विचारतोय. आणि रिकाम्या हाती कसं जायचं, बडोद्यावरचं एखादं पुस्तक द्यावं असं मनात आहे, पण मराठी दिलं तर ठेवतील का इंग्रजीच बघू? ही म्हणते आपला बडोद्याचा लीलो चिवडा घेऊन जा, लायब्ररीत चिवडा!