सज्ञान पीडितेची संमती नसताना रुग्णालयाने पोलिसांना कळवावे का?

कृष्णाकाठ (सांगली)

लैंगिक अत्याचारानंतर उपचारासाठी आलेल्या स्त्रीवर कोणत्याही रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खासगी, तत्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असे बंधन २०१३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये कायम आहे. उपचार नाकारणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इथवर माझी काहीच तक्रार नाही. परंतु रुग्णालयाने घटनेची माहिती पोलिसांना लगेच द्यावी, असेही तेच कलम सांगते, आणि सज्ञान स्त्रीच्या बाबतीत ही अट उपचाराच्याच मुळावर येते, असे माझे मत आहे.

एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी लिव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी पहिल्या ७२ तासांत अधिक उपयोगी पडते. पाच दिवस उलटले की तिच्यावर विसंबता येत नाही. हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांच्या लशी, जखमांवरचे उपचार, हेही लांबणीवर टाकता येत नाही. बलात्काराच्या फिर्यादीला मात्र कायद्याने मुदत घातलेली नाही. म्हणजे जे थांबू शकते त्याची अट आपण जे थांबू शकत नाही त्याला जोडून ठेवली आहे.

जतच्या पूर्व भागातून किंवा बीडहून ऊसतोडीला आलेल्या टोळीतील एखाद्या बाईचा विचार करा. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली आहे, नवरा त्याच कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या जोडीत, आहे आणि हंगाम संपेपर्यंत खोपी सोडून जायला जागा नाही. तिला औषधे हवी आहेत. पोलिसांत जायचे की नाही, हे तिने ठरवलेले नाही. ग्रामीण रुग्णालयात गेल्यावर ठाण्यात फोन जाणार हे तिला ठाऊक असेल, तर ती रुग्णालयाची पायरी चढणारच नाही. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण त्यासाठी नाव छापावे लागत नाही, दवाखान्याच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली तरी पुरते.

तासगावकर वकील

आपण दिलेले उदाहरण मला नेमके उलट दिशेने नेते. उचल अंगावर असलेल्या बाईचा निर्णय तिचा स्वतःचा असेल, असे आपण कशावरून धरता? तो निर्णय मुकादम घेईल, नवरा घेईल, आणि स्थानिक बाई असेल तर भावकी घेईल. चार जाणती माणसे बसतात, रक्कम ठरते आणि प्रकरण मिटवले जाते. अशा वेळी रुग्णालयाने दिलेली सूचना ही एकच गोष्ट या मंडळींच्या हाताबाहेरची असते. तीही स्त्रीच्या संमतीवर ठेवली, तर ती संमती मिळू नये यासाठी तिच्यावर दबाव येईल, आणि आज ‘डॉक्टरांनीच कळवले, मी काय करू’ असे म्हणण्याची जी सोय तिला आहे, तीही जाईल.

दुसरे असे की, सूचना म्हणजे फिर्याद नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिला फिर्याद द्यायची नसेल, तर एमएलसी, म्हणजे पोलीस-न्यायालयाशी संबंध येऊ शकणारे वैद्यकीय प्रकरण, अशी नोंद करून तिच्या नकाराची लेखी नोंद करायची असते आणि तेवढ्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. तपासणीलाही ती नकार देऊ शकते. फिर्यादीला मुदत नाही म्हणून पुरावा थांबत नाही, हेही लक्षात घ्यावे. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच घेतले जातात. उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले असले, तरी आरोपीचा वकील पहिला प्रश्न उशिराचाच विचारतो. मी त्या बाजूनेही उभा राहिलेलो असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

विट्याचे डॉक्टर

आपल्या दोघांच्या वादात गृहीत धरले आहे की रुग्णालय उपचार करते आणि प्रश्न फक्त फोनचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्षात बहुतेक खासगी डॉक्टर हातही न लावता ‘सिव्हिलला जा’ अशी चिठ्ठी देतात. जतहून सांगली ८०-९० किलोमीटर आहे. संध्याकाळनंतर निघणाऱ्या बाईला ते अंतर किती पडते, याचा अंदाज एसटीने प्रवास करणाऱ्यांना असेल. हे बेकायदा आहे हे आम्हाला कळत नाही असे नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे लहान रुग्णालयात सहसा ठेवलेली नसतात, नमुने गोळा करण्याचे साहित्य नसते आणि दोन-चार वर्षांनी साक्षीचे समन्स येते, तेव्हा ओपीडी बंद ठेवून दिवसभर न्यायालयाच्या व्हरांड्यात बसावे लागते.

तरीही सूचनेची सक्ती काढू नये, असे मी म्हणेन, आणि माझे कारण वकीलसाहेबांपेक्षा वेगळे आहे. आज मी कळवतो, कारण कायदा तसे सांगतो. गावातल्या कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. उद्या ते तिच्या इच्छेवर ठेवले आणि सहा महिन्यांनी तिने किंवा तिच्या माहेरच्यांनी फिर्याद दिली, तर डॉक्टरांनी आरोपीशी संगनमत करून प्रकरण दाबले, असा आरोप माझ्यावर येईल.

कृष्णाकाठ (सांगली)

डॉक्टर, आपली अडचण खरी आहे, पण ती तिच्या सहीच्या कागदाने सुटण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेआधी आपण संमतिपत्र घेताच. मला खटकते ते हे की, डॉक्टरच्या संरक्षणासाठी आणि आरोपीच्या शिक्षेसाठी आवश्यक ते सारे आपण मोजतो, आणि रुग्ण म्हणून तिला काय हवे ते शेवटी येते.

वकीलसाहेब, सूचना म्हणजे फिर्याद नव्हे, हे कागदावर बरोबर आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर जबाबासाठी कोणीतरी तिच्याकडे येणारच. महिला अधिकाऱ्याने, तिच्या सोयीच्या ठिकाणी जबाब घ्यावा, अशी तरतूद आहे. ती पाळली गेली तरी खोपीवर येणारी पोलीसबाई गुपचूप कशी येईल? तपासणीच्या भीतीचेही तसेच. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हक्कभंग ठरवली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरावे, असे पुन्हा सांगावे लागले. नऊ वर्षांनी तेच सांगावे लागते, तिथे नियमावर विश्वास ठेवून दवाखान्यात या, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पुराव्यासाठी एक मार्ग आहे. तिच्या संमतीने नमुने घ्यावेत, सीलबंद करून जिल्हा रुग्णालयात ठरावीक मुदतीपर्यंत जपावेत आणि तिने फिर्याद दिली तरच पोलिसांच्या हवाली करावेत.

कराडची परिचारिका

ताई, ‘सज्ञान’ हा शब्द घालून आपण प्रश्नाचा अवघड भाग बाजूला ठेवला आहे. वॉर्डात आम्हाला ज्या मुली दिसतात, त्यांतल्या कित्येक सोळा-सतरा वर्षांच्या असतात. पोक्सोच्या, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे त्यांच्याबाबत कळवणे प्रत्येकावरच बंधनकारक आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते असलेच पाहिजे, कारण अत्याचार करणारा पुष्कळदा घरातलाच असतो आणि संमती देणारा पालकही तोच असू शकतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावी, हा नियमही मला पटतो. तालुक्याला रात्री महिला डॉक्टर नसते, हा वेगळा रडगाण्याचा विषय.

पण सतरा वर्षांची मुलगी प्रेमसंबंधातून गरोदर राहते, तेव्हा तिचे आईवडील पोलिसांच्या धास्तीने तिला आमच्याकडे न आणता भलत्याच माणसाकडे नेतात, आणि रक्तस्राव थांबेना म्हणजे मग आणतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, परस्परसंमतीच्या संबंधातून राहिलेला गर्भ पाडण्यासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची माहिती पोलिसांना देताना, तिने वा पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने तिचे नाव-गाव देण्याची गरज नाही. अल्पवयीनांना आणि बलात्कारातून गर्भ राहिलेल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, हेही २०२१ च्या दुरुस्तीपासून नियमांत आहे. नाव न देता कळवण्याची ही सोय सज्ञान बाईला का असू नये? सूचनाही राहील आणि तिच्या खोपीवर कोणी जाणारही नाही.

तासगावकर वकील

परिचारिकाताईंची सूचना मी विचारात घेईन. नावाविना खबर गेली, तर निदान एकाच टोळीतून वा एकाच शाळेतून वारंवार स्त्रिया येत आहेत, हे तरी ठाण्याला कळेल. सीलबंद नमुन्यांची कल्पना मात्र मला घाईची वाटते. नमुना कोणाच्या ताब्यात केव्हा होता, याची साखळी तुटली की तो न्यायालयात निरुपयोगी होतो. महिनोन्महिने कपाटात ठेवलेल्या पाकिटाची किल्ली कोणाकडे होती, हे सिद्ध करणारा कर्मचारी तोवर बदलून गेलेला असेल.

कृष्णाकाठ (सांगली)

किल्लीची नोंदवही ठेवता येते. ती पोलिसांच्या मुद्देमाल खोलीतही ठेवावीच लागते. नावाविना सूचना मला मान्य आहे, पण एका अटीवर: ती उपचार सुरू झाल्यानंतर जावी आणि औषधांचा पहिला डोस जतच्या, आटपाडीच्या, शिराळ्याच्या ग्रामीण रुग्णालयातच मिळावा. पुढच्या डोसांसाठी तिला सांगलीला पाठवायचे की नाही, ते मग तिच्याशी बोलून ठरवावे.