मुलींच्या खो-खो संघाला नवा सहाय्यक प्रशिक्षक: आनंद कसला करताय?

मातीतली
परवा इथे एकाने लिहिलं, "अखेर आपल्या कॉलेजच्या मुलींच्या संघाला लीग खेळलेला सहाय्यक प्रशिक्षक मिळाला. आता पोरी मॅटवर शास्त्रशुद्ध खेळतील. इतकी वर्षं नुसती पळापळ चालली होती." खाली टाळ्यांचा पाऊस. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण त्या "पळापळ"ने डोकं फिरलं.

त्याच पळापळीतून इथल्या मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या, काही राज्याकडून खेळल्या, पोलिसात लागल्या. आमचे प्रशिक्षक सर उजाडायच्या आधी मैदानावर पाणी मारून तयार असायचे. आठजणींना चौकोनात बसवून कितीतरी वेळ फक्त उठणं. पाठीवर थाप आणि कानावर खो एकदमच पडला पाहिजे, आणि पडला की पुढचा पाय कुठे, खांदा कुठे. खांदा वळला की दिशा ठरली, मग परत फिरलीस की फाऊल. हे अंगात मुरेपर्यंत खांबाला हात लावू द्यायचे नाहीत.

नव्या मुलावर माझा राग नाही. त्याचा खेळ पाहिलाय, हूल अप्रतिम देतो. पण तो संरक्षणाचा खेळाडू. आपला संघ हरतो कुठे? आक्रमणात! गेल्या मोसमात उपांत्य सामन्यात दोन गडी हवे होते, वेळ होता, आणि आपल्या मुली साखळी खेळणाऱ्या, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळणाऱ्या, एकाच पोरीमागे लागल्या. खो उशिरा, वर फाऊल. बाकीच्या दोघी मैदानात चालत होत्या, अक्षरशः चालत. अशा संघाला गडी बाद करायला शिकवणारा हवा की पळायला शिकवणारा? आणि लीगचं कौतुक मला सांगू नका, अल्टिमेट खो-खो लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. मुलींना तिथे जागाच नव्हती.

अजून एक. संघ मुलींचा, मुख्य प्रशिक्षक पुरुष, सहाय्यकही पुरुष. आपल्याकडे माजी खेळाडू मुली संपल्या का?

पोलडाईव्ह
ती पोस्ट माझी. ताई, तुमच्या सरांना नावं ठेवली नव्हती, पण तुम्ही लावूनच घेतलंत तर घ्या.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या पुण्याची. सामना मॅटवर, बूट घालून, सात मिनिटांचे डाव. पुढे जायचंय तर मॅटवर जायचंय, एवढाच माझा मुद्दा. आपल्या मुली विभागीय स्पर्धेला मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवतात आणि पहिल्या पाच मिनिटांत बिचकतात. याला परंपरा म्हणायचं का?

आणि लीग पुरुषांची हा काय मुद्दा झाला? हूल काय बाईमाणूस बघून वेगळी देतात?

शिट्टी
पंच म्हणून बरीच वर्षं उभा आहे, म्हणून थोडं नियमांचं. मातीवर नऊ मिनिटांचा डाव, एका गड्याला एक गुण, तेव्हा संरक्षण म्हणजे फक्त वेळ काढणं होतं. विश्वचषकाच्या नियमांत गडी बाद केला की दोन गुण, आणि संरक्षकांची एक तुकडी तीन मिनिटं टिकली की संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण, पुढे दर तीस सेकंदांना आणखी एक. तीन मिनिटं एकटीने काढायची नाहीत, तिघींनी मिळून काढायची. म्हणजे संरक्षण आता कमाईचा धंदा झाला आहे. या हिशेबाने संरक्षणाचा माणूस आणणं मूर्खपणाचं नाही.

अर्थात आपल्या स्पर्धेला कोणते नियम, ते त्या वर्षीचं परिपत्रक बघून ठरवा. पालक माझ्याशी भांडतात तेव्हा त्यांनी ते वाचलेलं नसतं. एकदा एका वडिलांनी मला मैदानात येऊन वजीर, म्हणजे नव्या नियमांतला कुठल्याही दिशेला पळू शकणारा आक्रमक, कुठे आहे म्हणून विचारलं होतं. तो सामना मातीवर होता, साध्या नियमांनी! टीव्ही बघून येतात आणि आम्हाला शिकवतात.

घाटावरचा
सगळं खरं, पण मॅट हाय कुठं? त्या हॉलमधली? ती मॅट म्या उचलल्याली हाय. तुकडं तुकडं जोडून टेप मारायची, आन् गॅदरिंग आलं की गुंडाळून जिन्याखाली. परत काढली की निम्म्या तुकड्यांचं कान वर आल्यालं. त्यात परीक्षा आल्या की हॉल बंद. वर्षातनं किती दिवस मिळतोय हॉल, ते इचारा आधी. दोन महिन्यांच्या मॅटीसाठी कोच आणताय व्हय?

मातीतली
हेच तर म्हणते! आणि मॅटचं बोलायचं तर माझ्या भाचीचं ऐका. दुसऱ्या एका कॉलेजात खेळत होती. मॅटवर, नवे बूट, पळता पळता एकदम वळली. बूट मॅटला धरून बसला आणि गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. ऑपरेशन, वर्षभर घरी, खेळ संपला. मातीवर पाय थोडा घसरतो, तो घसरतो म्हणून वाचतो. आम्ही अनवाणी खेळलो, टाचा फाटल्या, कोपरं सोलली, पण गुडघे आजही शाबूत आहेत. जिना चढून दाखवू?

पोलडाईव्ह
नका, जिना नका चढू.

भाचीचं वाईट वाटलं, मनापासून. पण एका गुडघ्यावरून अख्खी मॅट बाद? मग माझा घोटा मोजा. मातीतच मोडलाय, पाणी मारताना एका कोपऱ्यात जास्त पडलं होतं तिथे. आणि सूर मारल्यावर छातीला लागलेला खडा अजून आठवतो. तुमच्या पिढीचं एक आहे, जे आपण सोसलं ते सगळं चांगलं होतं. आता १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधलं खो-खोचं प्रात्यक्षिक काढू नका म्हणजे झालं.

मातीतली
बर्लिन काढणार नव्हते, पण सारिका काळे काढते. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची पोरगी, २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्ण, २०२० चा अर्जुन पुरस्कार. ती काय गालिच्यावर वाढली का रे?

आणि "तुमची पिढी" वगैरे जपून. तुझ्या पिढीने किती विद्यापीठ पदकं आणली, तेही लिही मग.

पायाचा डॉक्टर
मी फिजिओथेरपिस्ट. दोघंही जरा थांबा. वेगाने वळण्याच्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या या लिगामेंटचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे सगळ्या जगात मान्य आहे. बूट जास्त धरून ठेवत असेल तर भर पडते, तिथे ताईंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं मूळ दुखणं मॅट नसते. थांबताना गुडघा आतल्या बाजूला पडतो, मांडीच्या मागचे स्नायू कच्चे, वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि हात गोल गोल. उडी मारून नीट उतरायला कुणी शिकवलेलंच नसतं. नवा प्रशिक्षक रोज पंधरा मिनिटं एवढंच करून घेणार असेल, तर तो मॅटवर करो की शेतात.

अवांतर: मासिक पाळीच्या दिवसांत कुठे दुखतंय हे मुली पुरुष प्रशिक्षकाला सांगत नाहीत. लपवून खेळतात. बाई प्रशिक्षकाचा मुद्दा कुणी पुढे नेलाच नाही, म्हणून आठवण.

तासिकावाला
कुणी तरी पैशांचं विचारा की राव. मी स्वतः एका कॉलेजात अशाच नेमणुकीवर काम केलं आहे, नाव घेत नाही. तासिका तत्त्वावर, मोसमापुरती. मानधन तीन महिने उशिरा, तेही कापून. मुलींना स्पर्धेला घेऊन गेलो, केळी आणि बिस्किटं माझ्या खिशातून. परत आल्यावर बिल दिलं तर म्हणाले, पावतीवर जीएसटी नाही. केळीवाल्याच्या पावतीवर! कॉलेजा-कॉलेजांत शारीरिक शिक्षणाची पदं रिकामी पडली आहेत आणि तुम्ही इथे माती की मॅट. तुमचा लीगवाला पोरगा फेब्रुवारीत निघून जाईल, लिहून ठेवा. थांबला तर तो वेडा तरी किंवा घरचा श्रीमंत तरी.

घाटावरचा
तासिकावाल्या भावा, एकदम बरोबर. आन् आता खरं सांगू का, निम्म्या पोरींच्या बापांना कोच कोण हाय याच्याशी घेणंदेणं न्हाई. सर्टिफिकेट पायजे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, त्यासाठी सगळं. मागल्या साली एक जण माझ्याकडं आला, म्हणला पोरीला नुसतं राखीव मंदी बसवा, पळायची गरज न्हाई. म्या हाकलला. पर दुसरीकडं बसली आसंल.

पोलडाईव्ह
पाच टक्क्यांना नावं ठेवू नका. माझी बहीण त्यातूनच लागली. खऱ्या मैदानावर खेळून, पडताळणीला विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात किती खेटे घातले ते आम्हाला ठाऊक. बोगसवाल्यांमुळे खऱ्या खेळाडूकडेही चोर असल्यासारखं बघतात.

घाटावरचा
तुज्या भणीला कोण काय बोललं? म्या राखीव बसणाऱ्यांचं बोलतोय. वाचत जा की जरा, का तेबी स्लो मोशनमधी दाखवू?

शिट्टी
भाषा सांभाळा. दोघांनाही पिवळं कार्ड समजा.

चौकोन क्रमांक चार
नमस्कार. मी सध्या संघात आहे. घरी हा धागा वाचून दाखवला तर आई म्हणाली, लिही तूच आता.

नव्या प्रशिक्षक दादांना येऊन फार दिवस झाले नाहीत. आम्ही अजून मॅटवर गेलेलोच नाही, हॉल मिळालेला नाही. मातीवरच सराव चालू आहे. त्यांनी पहिल्या आठवड्यात संरक्षण शिकवलंच नाही. मोबाइल खाली विटेला टेकवून ठेवला आणि आम्हाला नुसतं उठायला लावलं. मग एकेकीला व्हिडिओ हळू करून दाखवला. मी खो मिळाल्यावर आधी डावा पाय मागे टेकवते आणि मग पुढे निघते. मला हे माहीतच नव्हतं. सर ओरडायचे, "लवकर ऊठ", मी लवकरच उठत होते, पण अर्धं पाऊल मागे जाऊन. आता सुधारतंय, पूर्ण नाही.

दुसरं, ते पळणारे आहेत म्हणूनच सांगतात की साखळी खेळणारीला कशाची भीती वाटते. तिच्या मागे लागलं की ती खूश असते. दोन खो मोकळे जाऊ दिले आणि खांबाजवळची मुलगी तयार ठेवली की ती गडबडते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर काका म्हणतात ते खरं आहे. ताई कुणीतरी हवी. प्रवासात जास्त.

मातीतली
बाळा, तुझ्याबद्दल एक शब्दही नव्हता.

ठीक आहे. मोबाइलने पाय सापडला म्हणायचं. आमच्या सरांना तो विटेशिवाय दिसायचा, पण सरांचे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत हेही मला माहीत आहे, आणि ते मी इथे जास्त बोलणार नाही. पळणाऱ्याकडून आक्रमण शिकता येतं हा मुद्दा मला पटलेला नाही. चोराकडून कुलूप घेतल्यासारखं आहे ते. पण मुली म्हणत असतील की उठणं सुधारलं, तर सुधारलं. मॅटवर मात्र मी हलणार नाही.

पोलडाईव्ह
चला, एवढं तरी. फ्रेम करून लावतो.

ताई, टोमणा बाजूला ठेवून विचारतो. आठवड्यातून दोन दिवस तुम्हीच का येत नाही? उठ-बस तुम्ही घ्या, व्हिडिओ त्याला करू दे. बाई प्रशिक्षकाचा प्रश्नही सुटेल.

तासिकावाला
हां, म्हणजे आता दोघं फुकट. कॉलेजला लॉटरी लागली.

मातीतली
फुकट येणार नाही. पत्र हवं, कॉलेजच्या शिक्क्याचं, आणि मुलींच्या प्रवासाला सोबत म्हणून माझं नाव अधिकृत यादीत. केळ्यांची पावती मी जीएसटीसकट आणून दाखवते. प्राचार्यांकडे कोण जातंय?

घाटावरचा
म्या येतो संगं. पर मॅटीची टेप कोण आणणार ते आधी ठरवा. मागल्या टेपचं पैसं अजून माझंच हायत.