मेट्रो तीनचा हिशोब तिकीटखिडकीवर मांडू नका

गिरगावकर
मुंबईची आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली. मंजुरीच्या वेळी खर्च होता २३,१३६ कोटी, तो गेला ३७ हजार कोटींच्या पुढे. त्यावरून एकच धोशा चाललाय: तिकिटांतून वसूल कधी होणार? उड्डाणपुलांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. केंद्राच्या २०१७च्या मेट्रो धोरणाने तिकिटावर आधारलेली ८ टक्के परताव्याची अट काढली आणि शहराच्या एकूण फायद्यावर १४ टक्के परतावा हा निकष आणला. माझ्या मते तेच योग्य. मरोळहून वरळीला जायचं तर आधी रिक्षाने अंधेरी, मग लोकलला लोंबकळत प्रभादेवी, पुढे बस किंवा टॅक्सी. आता एकच गाडी.

बेस्टप्रेमी
साफ असहमत. या एकूण फायद्यात वाचलेल्या वेळेची किंमत धरतात आणि ती सहसा प्रवाशाच्या कमाईवरून लावतात. म्हणजे कारवाल्याचा तास महाग, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा स्वस्त! मेट्रोचं तिकीट ७० रुपयांपर्यंत जातं आणि मे २०२५मध्ये बेस्ट बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. स्टॉपवर ताटकळणाऱ्यांचं नुकसान या हिशोबात कोण वजा करणार?

गिरगावकर
बेस्टचं दुखणं खरंच आहे, पण ते मेट्रोच्या माथी मारू नका. मेट्रो जाते त्या वरळी, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), विमानतळ यांतल्या एकाही ठिकाणी लोकलचं स्टेशन नाही.

वरळीचा_भाडेकरू
जागेच्या भावाबद्दल तुम्ही दोघंही बोलत नाही. माझी खोली तीच, नळाला पाणी तेवढंच. करार संपल्यावर मालकाने भाडं वाढवलं आणि कारण सांगितलं मेट्रो. माझा जो वेळ वाचला, त्याचे पैसे त्याने वसूल केले. वेळेची बचत आणि जागेची भाववाढ या दोन्ही रकमा बेरजेत धरल्या तर एकच फायदा दोनदा मोजला जातो, हे आधी लक्षात घ्या.
आणि वसुली कुणाकडून होते? मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो उपकर भरतो तो घर घेणारा, मग त्याचं घर स्टेशनपासून कितीही लांब असो. स्टेशनला लागून तीस वर्षं प्लॉट धरून बसलेल्याची मालमत्ता फुगली, त्याला मात्र छदामही द्यावा लागत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

बेस्टप्रेमी
हे पटलं. स्टेशनभोवतीच्या भाववाढीवर कर लावा आणि तो पैसा थेट बसगाड्यांना द्या.

गिरगावकर
सरसकट नको. काळबादेवी-गिरगावात पागडीवर, म्हणजे जुन्या भाडेहक्काने राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात राहतं घर सोडल्याशिवाय भाववाढीची दमडी येत नाही, त्यांना का भरडता? वाढीव एफएसआय (जास्तीच्या बांधकामाची परवानगी) वापरून जो नवा टॉवर बांधतो त्याच्याकडून घ्या.

वरळीचा_भाडेकरू
चालेल, पण आधी मोजा तरी. मेट्रोला कर्ज देणारी जपानची जायका ही संस्था प्रकल्पानंतर मूल्यमापन करते, पण भाडेकरूचं काय झालं याचा हिशोब आपल्या सरकारनेच मांडायला हवा. भाडेकरारांची नोंदणी सक्तीची आहे, म्हणजे सगळे आकडे सरकारदरबारी पडून आहेत. स्टेशनपासूनचं अंतर आणि भाडं, मेट्रोच्या आधीचं व नंतरचं, वॉर्डवार जाहीर करा.