गोव्याच्या मराठी कथेतला माड नुसता डुलतोच का?

खाजनवाला
यंदा गावच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेचं परीक्षण माझ्या गळ्यात पडलं. चौदा कथा आल्या. नऊ कथांची सुरुवात पावसाने, आणि माड डुलत नाही अशी एकही नाही. पण त्या माडावर चढणारा पाडेली? तो कुठेच नाही. निसर्ग म्हणजे नाटकाचा मागचा पडदा, प्रवेश संपला की गुंडाळायचा. संस्कृती म्हणजे चतुर्थी, शिगमो आणि जमलंच तर सांजाव.

खाजनाकाठी, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या शेतांकाठी, वाढलेल्या माणसाला हे खुपतं. आमची मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. तिचं लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतं आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतं. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेतलेला रात्री गुपचूप दार अडकवून ठेवतो. खारं पाणी आत येतं, मासळी भरपूर मिळते आणि शेजाऱ्याचं भात करपतं. कोरगूट हे खाजनातलं भात खारं सोसतं, पण तेही किती सोसणार? यातला निसर्ग कुठला नि संस्कृती कुठली, वेगळी करून दाखवा.

मिरामारची
अहो, कथा लिहायची की कृषी खात्याचं पत्रक? घरात एकटी उरलेली बाई, बाहेर पाऊस. तिला मानस ठाऊक असायलाच हवी का? मी फ्लॅटमध्ये राहते. पाऊस मला खिडकीतूनच दिसतो, आणि माझ्यापुरता तोच खरा.

खाजनवाला
मग खिडकीतलाच लिहा ना! सरकत्या काचेच्या पट्टीत पाणी साचतं, खाली पायपुसणं कोंबावं लागतं, ते येऊ द्या. फ्लॅटमध्ये बसून कौलांवरचा पाऊस लिहितात, तक्रार त्याची आहे.

डिचोलीकर
दोघंही किनाऱ्यावरून बोलताय. आमच्याकडे खाणपट्ट्यात पानं लाल असायची, खनिजाच्या धुळीने. विहिरी आटल्या. त्याच धुळीवर ट्रकचे हप्ते फिटले, बहिणींची लग्नं झाली. 2012 साली खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद. पानं हिरवी झाली आणि दारातले ट्रक गंजले. कथांमध्ये मात्र खाणीशी संबंध असलेला प्रत्येक जण राक्षस आणि झाड म्हणजे साधू! माझा काका ट्रकवाला. माटोळीला, म्हणजे चतुर्थीत गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, लागणारी माट्टीची फळं दरवर्षी रानातून तोच आणायचा. त्याला कुठल्या रांगेत बसवाल?

मिरामारची
माटोळीवरून सांगते. आम्ही कांगलां, आंबाडे, तोरिंजन सगळं पणजीच्या बाजारातून आणतो. गेल्या चतुर्थीला मुलाने कांगलांचा घोस हातात धरून विचारलं, "आई, हे झाडाला लागतं की वेलीला?" मी विकणारीकडे बघितलं. ती हसली आणि सुटे पैसे मोजत राहिली. यावर कथा लिहिली, तर एका स्पर्धेतून शेरा आला: 'निसर्गचित्रण तोकडं.'

डिचोलीकर
धन्य तो परीक्षक. वेलीला हो, बाय.

खाजनवाला
तो परीक्षक मी नव्हे, देवाशपथ! ती कथा इथे टाका. मूळ मुद्दा मी सोडत नाही, पाडेली हवाच. पण डिचोलीकर, तुमच्या काकावरून मघाचं माझंच लिहिणं परत वाचलं. पावणीवाल्याला मीही राक्षसच केला की. पावणीचे पैसे भरायला त्यानेही बायकोच्या पाटल्या गहाण ठेवलेल्या असतात.